एका शर्यतीला दोन जोडे कशाला?

घरांतील एखादा मुलगा, किंवा अलीकडे सूनबाईसुद्धां, ट्रायथलॉनची तयारी आरंभते आणि महिनाअखेरीस बुटांच्या दोन जोड्यांचें बिल वडील माणसांपुढें येतें. एक जोड सायकलीसाठीं, दुसरा धांवण्यासाठीं. संस्कृतांत पायांतील जोड्यास 'उपानहौ' असें द्विवचन योजितात. येथें तर द्विवचनही दोनदां करावें लागतें! हा खर्च गरजेचा कीं हौसेचा, हें ठरवितांना बुटांची किंमत न पाहतां त्यांचें काम पाहावें.

या शर्यतीची सुरुवात १९७४ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें झाली, आणि २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें तिला स्थान मिळालें. आपल्या मंडळींना जवळची अशी गोव्याची शर्यत २०१९ सालीं सुरू झाली. तींत मिरामारच्या समुद्रांत १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल चालवून शेवटीं २१.१ किलोमीटर धांवावयाचें असतें. जोडे बदलण्यास लागणारा वेळही एकूण वेळांतच धरतात. सारी घाई येथूनच उत्पन्न होते.

सायकलीच्या बुटाचा मुख्य गुण ताठरपणा. ९० किलोमीटरांस तीन तास लागले आणि पायांनीं मिनिटास ८० फेरे घेतले, तर एकेका पायास १४,४०० वेळां पायडल दाबावें लागतें. तळ मऊ असला तर दर वेळीं थोडा जोर तो वाकविण्यांतच जातो, आणि तळव्याची एकच जागा ठणकूं लागते. म्हणून हा तळ कडक प्लॅस्टिकचा वा कार्बनतंतूंचा करतात. त्याखालीं स्क्रूनें बसविलेली क्लीट पायडलांत अडकते व टाच बाहेर फिरवितांच सुटते. ती चवड्याखालीं यावी. किंचित् टाचेकडे सरकविल्यास पोटऱ्यांवरील ताण हलका होतो, आणि पुढें धांवावयाचें असल्यामुळें पुष्कळ जण तसेंच करतात. या शर्यतीसाठीं म्हणून निराळे बूट मिळतात, त्यांस नाडीऐवजीं एक-दोन वेल्क्रोचे पट्टे आणि टाचेमागें ओढावयास फांस असतो.

धांवण्याच्या बुटाचा धर्म नेमका उलट. येथें प्रत्येक पावलागणिक देहभाराच्या दुपटी-तिपटीइतका आघात पायावर येतो, आणि २१ किलोमीटरांत पावलें होतात सुमारें २० हजार. तळ मऊ आणि चवड्यापाशीं वांकणारा हवा. शिवाय उन्हांत तीन तास सायकल हाणल्यावर पाय सुजलेला असतो. तेव्हां सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी राहील असाच बूट घ्यावा. खरेदी संध्याकाळीं करावी, कारण दिवसभरानें पाय थोडा वाढलेला असतो. साध्या नाडीऐवजीं ताणणारी रबरी नाडी घातली कीं गांठ मारण्याचें काम उरत नाहीं. ही वस्तु स्वस्त व खरोखर उपयोगी आहे.

कसलेले खेळाडू सायकलीचे बूट पायडलांत आधींच अडकवून रबरानें आडवे धरून ठेवतात, अनवाणी धांवत येऊन सायकलीवर उडी घेतात आणि चालत्या सायकलीवर पाय आंत घालतात. पाहण्यास ही कला सुंदर आहे. पण आपल्या घरच्या नवशिक्यानें तीं आठ-दहा सेकंदें वांचविण्यासाठीं हातपाय मोडून घेऊं नयेत. पायमोजे न घालण्याचेंही तसेंच. ओल्या पायास चिकटलेली मिरामारची वाळू बुटांत राहिली तर पहिल्या पांच किलोमीटरांतच फोड येईल, आणि पुढील सोळा किलोमीटर लंगडत काढावे लागतील. पाय पाण्यानें धुवावे, टॉवेलानें पुसावे, मोजे चढवावे. मिनिट गेलें तर गेलें.

आतां पैशाचा प्रश्न. एकच जोड परवडत असेल तर तो धांवण्याचाच घ्यावा आणि त्यांत काटकसर करूं नये. साधीं सपाट पायडलें लावून त्याच बुटांनीं सायकल चालवितां येते. कांहीं मिनिटांचा तोटा होतो, पण गुडघे शाबूत राहतात. उलट, सायकलीच्या बुटांनीं धांवतां मुळींच येत नाहीं. दुसरा जोड पहिली शर्यत पुरी झाल्यावर, आवड टिकली तर घ्यावा. क्लीट सोडविण्याचा सराव मोकळ्या मैदानांत करून घ्यावा, कारण नवशिके पडतात ते वेगांत नव्हे, थांबतांना. कोणताही जोड शर्यतीच्या दिवशीं प्रथमच पायांत चढवूं नये. निदान तीन-चार आठवडे तो वापरांत असावा, आणि एक-दोनदां तरी सायकलीवरून उतरून लगेच धांवून पाहावें.