टाचणातला तंत्रज्ञानाचा रकाना

पुण्याजवळ, मुळशी तालुक्यातल्या लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिस विद्यापीठाचे संकुल आहे, गावच्याच परिसरात फ्लेम विद्यापीठ आहे, आणि खाली नांदे, पिरंगुट या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळा भरतात. वर्गात तंत्रज्ञान आणण्याची चर्चा निघाली की या दृश्याचा अर्थ बहुतेकजण एकाच रीतीने लावतात: वर पैसा आहे म्हणून तंत्रज्ञान आहे, खाली पैसा आला की तेही येईल. मग वार्षिक नियोजनात ‘प्रत्येक वर्गात स्मार्ट टीव्ही’, ‘आठवड्याला तीन डिजिटल तासिका’, ‘शंभर टक्के शिक्षक तंत्रस्नेही’ अशी ध्येये उतरतात. माझ्या मते ही ध्येये नव्हेतच; ही खरेदीची आणि हजेरीची यादी आहे. शिक्षकाचे तंत्रज्ञानाविषयीचे ध्येय एखाद्या पाठात मुले नेमकी कुठे अडतात तिथून निघाले पाहिजे. ते शिक्षकानेच ठरवले पाहिजे, आणि उपयोग होत नाही असे दिसले तर साधन बाजूला ठेवण्याची मुभा त्यातच असली पाहिजे.

याविरुद्धचा पक्ष कच्चा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. साधन आधी यावे, वापर आपोआप शोधला जातो, असे तो म्हणतो. त्याच्या हाताशी महाराष्ट्राचाच दाखला आहे. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि पुढच्या काळात गावोगावच्या शिक्षकांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब, टीव्ही आणले. सरकारी अनुदानाची वाट न पाहता उभी राहिलेली ही चळवळ होती. ज्या शाळेसाठी गावाने पदरचे पैसे घातले त्या शाळेकडे गावाचे लक्षही गेले. हे श्रेय नाकारणे कोतेपणाचे ठरेल. पण शाळेला प्रतिष्ठा मिळणे वेगळे आणि मुलाला अपूर्णांकांची बेरीज येणे वेगळे. पहिली गोष्ट साधनाने झाली म्हणून दुसरीही होईल असे धरून चालणे, हीच या पक्षाची चूक आहे.

ही चूक मोठ्या प्रमाणावर करून झालेली आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, खैरात या लहानशा गावच्या शाळेत झाला. तो देशभर पसरला नाही. पेरूने मात्र तीच योजना लाखो लॅपटॉप घेऊन राबवली. तिथल्या तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांचा पद्धतशीर अभ्यास झाला, तेव्हा मुलांना संगणक हाताळता येऊ लागला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्रे पोहोचली होती, मुले ती वापरतही होती. कोणत्या पाठात, कशासाठी, हा प्रश्न मात्र कुणी शिक्षकाला विचारला नव्हता, आणि शिक्षकाने तो स्वतःला विचारावा अशी सोयही नव्हती.

यावरून ‘म्हणजे खडू-फळाच बरा’ असा निष्कर्ष काढणारा दुसरा पक्ष लगेच पुढे येतो. तोही टिकत नाही. बडोद्याच्या महापालिका शाळांत 2002 ते 2004 या काळात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले, एका संगणकावर दोन मुले बसवून. गणिताचे गुण ठळकपणे वाढले. (वर्षभराने तो फायदा बराचसा ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे; तंत्रज्ञानाचे वकील हे वाक्य सहसा गाळतात.) दिल्लीत शाळा सुटल्यानंतरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ नावाची प्रणाली सुमारे साडेचार महिने वापरलेल्या मुलांची गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती झाल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तिचे मर्म पडद्यात नव्हते. इयत्तेच्या कितीतरी मागे राहिलेल्या प्रत्येक मुलाला ती त्याच्या खऱ्या पातळीवरचा प्रश्न देत होती. पन्नास मुलांसमोर उभ्या असलेल्या एकट्या शिक्षकाला इच्छा असूनही जे जमत नाही, तेवढेच काम तिच्याकडे सोपवले होते.

सगळ्यांत बोलका पुरावा गुजरातचा आहे. ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत गणिताचा एकच संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला गेला. जिथे तो शाळेच्या वेळेत, शिक्षकाच्या अध्यापनाची जागा घेऊन चालला, तिथे मुले मागे पडली. जिथे तो शाळेव्यतिरिक्त, पूरक म्हणून चालला, तिथे मुलांना, विशेषतः कच्च्या मुलांना, फायदा झाला. यंत्र तेच, धडेही तेच, परिणाम उलटे. ज्ञानशालेचे शिक्षक मुळातच आखीव पद्धतीने शिकवत होते. त्यांच्या चांगल्या तासाच्या जागी पडदा बसवला तर नुकसान होणारच होते. ‘आठवड्याला तीन डिजिटल तासिका’ असे ध्येय लिहिणाऱ्याने हा निकाल समोर ठेवावा. त्या तीन तासिका कशाच्या जागी येणार, हे त्याच्या वाक्यात कुठेच नाही.

इथे परितेवाडीचे नाव घेतले जाईल, आणि ते घेतलेच पाहिजे. माढा तालुक्यातल्या या गावातले जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सर्वत्र बातमी झाली ती क्यूआर कोडची. पाठ्यपुस्तकांवर छापलेले कोड आपण सगळ्यांनी त्याआधीच पाहिले होते. पण त्यांच्या कामाचा क्रम उलटा होता. वर्गातल्या मुलांच्या घरी कन्नड बोलली जात होती आणि पुस्तकाची भाषा त्यांना परकी होती. डिसले यांनी स्वतः कन्नड शिकून पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला, आणि ऐकायच्या कविता, पाहायचे धडे मुलापर्यंत पोहोचवायला कोडचा आधार घेतला. आधी मुलाची अडचण ओळखली गेली, कोड नंतर आला. त्यांचा कोड हजारो शाळांत गेला. मुलाच्या घरची भाषा कोणती हा प्रश्न त्याच्यासोबत किती शाळांत गेला, हे विचारायला हवे. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे आणि पिरंगुटच्या कारखान्यांमुळे मुळशीतल्या वर्गांतही आज मराठी घरी न बोलणारी मुले बसतात. इथल्या शिक्षकाने डिसले यांच्याकडून घ्यायचे ते हे.

आता माझा पक्ष एका पाठावर लावून दाखवतो. सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा नकाशा येतो. मुले व्याख्या घडाघडा म्हणतात, आणि नकाशा पुढे ठेवला की रेषा जवळजवळ असलेली जागा चढाची की सपाटीची हे त्यांना सांगता येत नाही. अर्धा बटाटा ताटात उपडा ठेवायचा, पाणी थोडे थोडे वाढवत प्रत्येक पातळीला खूण करायची आणि वरून पाहायचे, ही जुनी युक्ती बटाट्यापुरती छान चालते. तो बटाटा आणि खिडकीतून दिसणारी टेकडी यांचा संबंध मात्र बऱ्याच मुलांच्या डोक्यात जुळत नाही. अडचण एवढीच आहे, आणि ती पाठाच्या टाचणात याच शब्दांत लिहिता येते. इथे उपग्रहचित्राचा उपयोग आहे. शिक्षकाच्या मोबाइलवर किंवा वर्गातल्या टीव्हीवर लवळ्याची टेकडी वरून दाखवायची, मग चित्र हळूहळू तिरके करत नेऊन तीच टेकडी उभी राहताना दाखवायची. वर चढणारा रस्ता नागमोडी का नेला, तो रेषांना सरळ छेदत गेला असता तर गाडीचे काय झाले असते, असे विचारायचे. दहा मिनिटांत पडदा बंद. मग दुसऱ्याच, अनोळखी टेकडीचा छापील नकाशा देऊन ‘इथे रस्ता कुठून काढाल’ असे विचारायचे, वही-पेन्सिलीने. वर्गातल्या बहुतेक मुलांना तो काढता आला तर पुढच्या वर्षीही हे चित्र टाचणात राहील. नाही आला तर ते काढून पुन्हा बटाट्याकडे, किंवा सरळ टेकडीवर पायी जायचे. लवळ्याच्या मुलांना ती काही लांब नाही.

यावर प्रशासनाचा आक्षेप ठरलेला आहे. असे पाठागणिक ध्येय केंद्रप्रमुखाने तपासायचे कसे, तालुक्याचा आढावा कसा द्यायचा? तासिका मोजता येतात, अडचणी मोजता येत नाहीत. हा आक्षेप खरा आहे, पण तो मोजणाऱ्याच्या सोयीचा आहे, शिकणाऱ्याच्या नाही. शिवाय अध्ययन निष्पत्ती इयत्तावार आणि विषयवार लिहून ठेवलेल्या आहेतच. शिक्षकाने त्यांतल्या एकीवर बोट ठेवून ‘माझी मुले इथे अडतात’ म्हटले तर तपासायला याहून ठोस काय हवे? वरून ठरवून वर्ग चालवण्याचा अनुभवही आपण घेतलेला आहे. पुण्यात 1984 मध्ये सुरू झालेल्या ‘बालचित्रवाणी’ या संस्थेने शेकडो शैक्षणिक कार्यक्रम तयार केले, आणि निधी आटून 2017 मध्ये ती बंद झाली. तिच्या कार्यक्रमांच्या दर्जाबद्दल चांगलेच बोलले जाते. पण दूरदर्शनच्या प्रक्षेपणाची वेळ शाळेच्या तासाला कशी जुळणार होती? वरून ठरलेल्या वेळेला वर्गाने जुळवून घ्यावे ही अपेक्षा तेव्हाही चुकीची होती. आज व्हिडिओ कधीही थांबवता येतो, आणि तरीही आपण वेळापत्रक वरूनच ठरवतो आहोत.

शिक्षकांचा आक्षेप यापेक्षा जिव्हारी लागणारा आहे. ‘सरल’ या सरकारी संगणक प्रणालीत भरायची माहिती, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन हजेरी, दर आठवड्याला नवी लिंक. तंत्रज्ञानाने आमचा शिकवण्याचा वेळच खाल्ला, त्यात आणखी ध्येये कुठे लिहायची? ही तक्रार रास्त आहे आणि माझ्या मांडणीला ती पूरकच आहे. त्या साऱ्या नोंदी शिक्षकाच्या कामासाठी नाहीत, शिक्षकाबद्दलच्या माहितीसाठी आहेत. म्हणूनच माझी मागणी कमी ध्येयांची आहे. एका सत्रात एका विषयातले दोन किंवा तीन पाठ निवडावेत, बाकीचे हवे तसे शिकवावेत. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावर साहित्य पडून आहे म्हणून ते वापरलेच पाहिजे असा काही नियम नाही.

राहिला तो ‘मुलांना साधनांची ओळख तरी होते’ हा युक्तिवाद. तो पंधरा वर्षांपूर्वी पटला असता. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि 80 टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के. ओळख करून द्यायचे काम शाळेविनाच झाले आहे. शाळेने दाखवायचे ते फोन एखाद्या प्रश्नापाशी कसा आणावा आणि प्रश्न सुटल्यावर कसा ठेवून द्यावा, हे. आणि ज्या वर्गात पडदा दिवसभर चालूच असतो तिथे हे दाखवता येत नाही. निबंध, गृहपाठ लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता त्याच फोनमध्ये आहे, त्यामुळे टेकडीवरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकापुढेही प्रश्न तोच आहे: या आठवड्याच्या कामातला कोणता भाग विद्यार्थ्याने स्वतःच करायचा आणि कोणता यंत्राला देता येईल.

तेव्हा मुळशीतल्या केंद्रांच्या मासिक शिक्षण परिषदेत पुढच्या वेळी एवढा बदल करून पाहावा. ‘कोणते ॲप वापरता’ हा प्रश्न विषयपत्रिकेवरून काढावा आणि प्रत्येकाने एक पाठ घेऊन यावा, ज्यात मुले अडली, साधन वापरले आणि तरीही मुले अडलेलीच राहिली. असे पाठ लपवले जातात तोवर टाचणातल्या तंत्रज्ञानाच्या रकान्यात ‘पीपीटी, व्हिडिओ’ हेच लिहिले जाणार.