साडी नको, हजेरीपटावर नाव हवे

८ मार्च जवळ आला की गोंदियाच्या बाजारात महिलांवरचे प्रेम उतू जाते. शोरूमवर 'महिलांसाठी खास सवलत'चे फलक लागतात. पतसंस्था, कंपन्या, खासगी शाळा कार्यक्रम घेतात. संगीत खुर्ची होते, साड्या आणि डबे वाटले जातात, एखाद्या मोठ्या साहेबांच्या पत्नीच्या हस्ते सत्कार होतो. भाषणात सावित्रीमाई येतात, हल्ली तर माता रमाईही येतात. आणि ९ मार्चला त्याच दुकानातली सेल्सगर्ल पुन्हा सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असते. तिला बसायला स्टूल नसते, हजेरीपटावर तिचे नाव नसते, आणि लग्न ठरले की नोकरी जाणार हे तिला आधीच माहीत असते.

उद्योग-व्यवसायांनी महिला सक्षमीकरणासाठी काय करावे, यावर आजकाल बरीच व्याख्याने होतात. माझे उत्तर सरळ आहे. आधी ज्या बाईच्या श्रमावर तुमचा धंदा चालतो, तिचे देणे द्या. सक्षमीकरणाचे पुढचे बघू. साडी हे दान आहे. पगार, रजा, पीएफ आणि पाळणाघर हे तिचे येणे आहे. येणे बुडवून दान करणाऱ्याला आपल्याकडे दानशूर म्हणतात, ही खरी अडचण आहे.

बाबासाहेबांचा १९२८ चा मुद्दा

मुंबईच्या विधिमंडळात जुलै १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणात पगारी विश्रांती द्यावी की नाही, हा प्रश्न होता. गिरणीमालकांच्या बाजूने आक्षेप होता तो खर्चाचा. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचा युक्तिवाद आजही प्रत्येक दुकानदाराने ऐकावा असा आहे. आईला आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. पण मालक सुटत नाही, असेही सांगितले. काही उद्योगांत मालक पुरुषाऐवजी बाई कामाला ठेवतो, कारण त्यात त्याला जास्त फायदा दिसतो. मग तो फायदा घेणाऱ्याने बाळंतपणाच्या खर्चाचा वाटाही उचललाच पाहिजे. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा.

या युक्तिवादात दयेचा एक शब्द नाही, सगळा हिशेब आहे. बाई स्वस्त म्हणून ठेवली, तिच्या स्वस्तपणाचा नफा घेतला, तर त्या नफ्यातून तिचे बाळंतपण का निघू नये?

आणि हे फक्त बाबासाहेबच बोलत होते असे नाही. आपल्या बायकाही बोलत होत्या. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बायका आल्या होत्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वावर बंदी मागितली. त्याचबरोबर गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांसाठी पगारी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मागितली. बायका जिथे काम करतात तिथे देखरेखीला बाईच नेमावी, असाही ठराव केला. ८० वर्षांहून जास्त काळ लोटला. आज कंपन्यांचे सल्लागार 'महिलांना नेतृत्वाची संधी द्या' असे सांगतात, तेव्हा त्यांना ती कल्पना नवी वाटते. आपल्या आज्यांनी ती ठराव करून मागितली होती.

बिडीचा हिशेब

या ठरावात बिडी कारखान्याचा उल्लेख आहे, तो आपल्या भागासाठी महत्त्वाचा. गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा हा पट्टा बिडीचा. जंगलात तेंदूपत्ता, बाजारात व्यापारी आणि गावात जमीन नसलेली माणसे, या तीन गोष्टींवर हा धंदा उभा राहिला. आपल्या समाजाच्या कितीतरी घरांत मुलांची फी बिडीच्या सुपातून निघाली आहे. आता धंदा पूर्वीसारखा राहिला नाही, पण ज्या बायकांची पाठ आणि डोळे त्यात गेले, त्या अजून गावात आहेत.

कारखानदार पत्ता आणि तंबाखू सट्टेदाराला देतो, सट्टेदार बाईला देतो. बाई घरी बसून बिड्या वळते आणि हजारामागे पैसे मिळतात. खराब म्हणून काढलेल्या बिड्यांचे पैसे कापले जातात, पण त्या बिड्या परत मिळतातच असे नाही. वस्तीत बसून चौकशी केली तर हेही दिसते, की कार्ड सासूच्या नावावर आणि बिड्या वळते सून. कागदावर ती सून कामगारच नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. १९७६ मध्ये कल्याण निधी आला. घरी बसून बिड्या वळणारी बाई कारखानदाराची कर्मचारी आहे आणि तिला पीएफ लागू होतो, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात स्पष्ट केले. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कल्याण निधीला पैसा पुरवणारा बिडीवरचा उपकर रद्द झाला. पुढे चार श्रम संहिता आल्या आणि जुने कायदे त्यांत गेले. कायद्याचे नाव बदलत राहिले, पण बाईपुढचा पहिला प्रश्न तोच राहिला : तुझे नाव कुठल्या वहीत आहे?

म्हणून मी म्हणते, महिला सक्षमीकरणाची सुरुवात वहीपासून होते. नाव नाही तर पीएफ नाही, बाळंतपणाची रजा नाही, तक्रारही नाही.

रेजा आणि सेल्सगर्ल

गोंदियाला धानाचे कोठार म्हणतात. राईस मिलमध्ये हमालाला निदान माथाडी कायद्याचा इतिहास आहे. झाडणारी, वाळवणारी, निवडणारी रेजा मात्र रोजंदारीवर, ठेकेदाराच्या माणसांत मोजलेली. तिचे काम 'हलके' म्हणून रोजी कमी. हलके कोणी ठरवले? समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये आहे. १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला आणि आता ते वेतन संहितेत आहे. मालक त्यातून एक वाट काढतो : काम वेगळे आहे म्हणायचे. बायकांच्या वाट्याला आलेले प्रत्येक काम हलके आणि दलित-आदिवासी बाईच्या वाट्याला आलेले सर्वांत हलके, ही मोजमापाची पट्टी मनूची आहे. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. रेजेच्या रोजीत ते दोन्ही एकत्र दिसतात.

दुकानातल्या मुलींचे बघा. केरळमध्ये कापडदुकानांतल्या बायका संघटित झाल्या आणि बसण्याचा हक्क मागितला. २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने कायद्यात तशी तरतूद केली. एका स्टुलासाठी बायकांना चळवळ करावी लागते, आणि आपण सक्षमीकरणाच्या गप्पा मारतो.

सीएसआरची गंमत

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे आले. त्यातून शिलाई मशीन वाटली जाते, ब्युटी पार्लरचे वर्ग चालतात. ज्या बाईला त्याचा उपयोग होतो तिला मी नाव ठेवणार नाही. पण नियमच सांगतो, की केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. कारण तो उपकार नसून मालकाचे कर्तव्य आहे. मग गेटच्या बाहेर वाटलेल्या मशीनचा फोटो पेपरात छापून येतो, तेव्हा आपण एक प्रश्न विचारायला हवा : गेटच्या आत ठेकेदाराकडून झाडू मारणाऱ्या बाईला स्वच्छतागृह आहे का? तिचा पीएफ भरला जातो का?

'परवडत नाही'चे उत्तर

छोटा दुकानदार म्हणेल, आम्हाला हे परवडत नाही. त्याचा प्रश्न खोटा नाही. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण पैसे मालकाच्या खिशातून. परिणाम असा, की काही मालक लग्नाच्या वयाची मुलगी ठेवायलाच कचरतात. यावर उपाय रजा कमी करणे नव्हे. उपाय १९२८ मध्येच सांगितला आहे : भार वाटून घ्या. कर्मचारी राज्य विमा योजना जिथे लागू आहे तिथे बाळंतपणातला पगार महामंडळ देते. मालकाने फक्त वर्गणी भरायची, ती पगाराच्या सव्वातीन टक्के. पण त्यासाठी बाईचे नाव नोंदवावे लागते. दुकानदारांच्या संघटनेने खरोखर सरकारकडे काही मागायचे असेल, तर ही योजना लहान दुकानांपर्यंत आणा, असे मागावे. आम्ही त्यांच्यासोबत मोर्चात चालू.

आणि काही गोष्टींना पैसाच लागत नाही. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी, हे २०१३ च्या कायद्याने सांगितले आहे. दहापेक्षा कमी असतील तर बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. या समितीचा पत्ता दुकानाच्या भिंतीवर लावायला किती खर्च येतो? मुकादम म्हणून बाई नेमायला किती खर्च येतो?

आपण काय करायचे

येत्या ८ मार्चला कुठल्या कंपनीने, दुकानाने, पतसंस्थेने सत्काराला बोलावले तर जरूर जा. बुके घ्या. पण माईक हातात आला की चार प्रश्न विचारा. तुमच्याकडे काम करणाऱ्या किती बायकांची नावे हजेरीपटावर आहेत? त्याच कामाला पुरुषाला किती आणि बाईला किती? गेल्या पाच वर्षांत किती जणींना बाळंतपणाची पगारी रजा दिली? आणि मुकादम, मॅनेजर, हिशेबनीस यांत किती बायका आहेत, त्यात आपल्या वस्तीतल्या किती?

बचत गटांतल्या ताईंना माझे आणखी एक सांगणे आहे. कर्ज, लोणचे आणि पापड यांच्या जोडीला गटाच्या बैठकीत कामाच्या नोंदीचा विषय घ्या. कोण कुठे काम करते, रोजी किती, कार्ड कुणाच्या नावावर, हे वहीत लिहून काढा. मालकाच्या वहीत नाव नसेल तर निदान आपल्या वहीत असू द्या. उद्या कामगार कार्यालयात जायची वेळ आली तर तीच वही हातात असेल.

१९४२ ला नागपूरला गेलेल्या त्या बायकांनी साडी मागितली नव्हती. त्यांनी रजा, भरपाई आणि पेन्शन मागितली होती. तो ठराव अजून बाकी आहे.

जय भीम!