शाळा समितीवर कोण?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळा मंडळे मतांनी निवडली जातात. कित्येक सनातनी ख्रिस्ती उमेदवार शाळेत प्रार्थना हवी, ग्रंथालयातील अमुक पुस्तके नकोत, असे उघड सांगून मते मागतात. हा उघडपणा आम्हांस आवडतो. मागणी मात्र पटत नाही. बाणकोट-हर्णे भागात १८२३ नंतर स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, तेथे मुळाक्षरांबरोबर बायबलही शिकविले. पण त्या शाळा मिशनच्या होत्या. सरकारी शाळा सर्वांच्या करातून चालते, म्हणूनच घटनेच्या २८ व्या कलमाने तेथे धर्मशिक्षणास मज्जाव केला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. त्या जागी येऊ इच्छिणाऱ्याचा धर्म हर्णेकरांनी विचारू नये. शेजाऱ्याच्या मुलाला आपण काय वाचू देणार नाही, एवढे मात्र अवश्य विचारावे.