उघड्या चिऱ्याचं कौतुक पुरे झालं

कोकणातल्या होमस्टेची कुठलीही रील उघडा. लालबुंद जांभ्याची भिंत, कोपऱ्यात तांब्याची घागर, खाली कॅप्शन: ‘मातीशी नातं, इको-फ्रेंडली घर’. आता गावी घर बांधायला निघालेला प्रत्येक जण गवंड्याला हेच फोटो दाखवतो. माझा या फॅशनला विरोध आहे. उघड्या चिऱ्याची भिंत कोकणच्या पावसात नीट टिकत नाही, आणि ज्या सड्यावरून चिरा येतो त्या सड्याचा हिशोब कोणी मांडत नाही.

आधी दगडाबद्दल. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात अंगाडीपुरमजवळ जांभा पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीतून काढताना तो मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि हवेत वाळला की टणक होतो. ही त्याची खुबी खरीच. पण तो भोकाभोकांचा असतो आणि पाणी पितो. चिऱ्यासाठीचं भारतीय मानक (आयएस ३६२०) वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेलं चालवून घेतं. म्हणजे ३५ किलोचा चिरा मानकात बसूनही चार लिटर पाणी पोटात ठेवू शकतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आता गणित तुम्हीच करा.

शिवाय सगळे चिरे सारखे नसतात. एकाच खाणीत वरचा थर टणक, तर खाली जावं तसा पिवळट-पांढरट मातीचा. ट्रकमध्ये दोन्ही येतात. प्रयोगशाळेत तपासणी कोण करतो? चिरा वाजवून बघितला की झाली परीक्षा. मापं कमीजास्त, म्हणून सांध्यात सिमेंट जास्त जातं. भिंत नऊ इंची, म्हणजे खोली तेवढी लहान. वजन एवढं की पाया तसाच भक्कम हवा, आणि भूकंपाचा विचार करून काँक्रीटचे पट्टेही हवेत. ‘स्वस्त’ चिऱ्याच्या बजेटमध्ये यातलं काही धरलेलं नसतं.

आमच्या गावच्या घराची पश्चिमेची भिंत जूनमध्ये ओली होते ती दिवाळीपर्यंत तशीच. शेवाळ धरतं, पांढरे खार फुटतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. ठेकेदाराने उपाय म्हणून वॉटरप्रूफ रंग मारला. आतला ओलावा आतच कोंडला आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले.

लगेच कुणीतरी म्हणेल, ‘पणजोबांचं घर शंभर वर्षं उभं आहे की!’ आहे ना. पण ते कसं होतं ते बघा. उंच जोतं, चारी बाजूंनी पुढे आलेलं छप्पर, पडवी, चुन्याचा गिलावा आणि पावसाआधी भिंतीला बांधलेली झापं. त्या लोकांनी चिरा झाकला, म्हणून तो टिकला. आपण चिरा घेतला आणि बाकी सगळं सोडलं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझसच्या बासिलिकेचं उदाहरण समोर आहे. १९५० च्या दशकात तिचा बाहेरचा गिलावा काढला गेला. तेव्हापासून तिचा जांभा पावसात झिजतोय, आणि गिलावा परत करावा का, हा वाद अजून चालू आहे. पर्यटकांना मात्र तो लाल रंग ‘मूळचा’ वाटतो.

‘चिरा भाजावा लागत नाही, कोळसा वाचतो,’ हा मुद्दा मला मान्य आहे. पण सडा पुन्हा उगवत नाही. जांभा तयार व्हायला लाखो वर्षं लागतात. पावसाचं पाणी त्यातूनच झिरपून सड्याखालच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतं. पावसाळ्यात सड्यावर जी फुलं येतात ती शेतात येत नाहीत. याच कातळावर ती कातळशिल्पं आहेत, जी २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कटर फिरला की हे सगळं जातं. मागे उरतो तो खोल चौकोनी खड्डा. पावसात तो भरतो आणि त्याला साधं कुंपणही नसतं.

चिऱ्यावर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. पडलेल्या घरांचे जुने चिरे आधी वापरा. नवे घेणार असाल तर खाणीचा परवाना बघा, चार चिरे तपासून घ्या. भिंतीला चुन्याचा गिलावा करा, छप्पर हातभर पुढे काढा. रीलमध्ये ते तितकं लाल दिसणार नाही. पण ती रील बहुतेक डिसेंबरात काढलेली असते. होमस्टेवाल्याकडे एकदा त्याच भिंतीचा जुलैतला फोटो मागून बघा.