भिंतींची वर्गणी आणि पुस्तकांची वर्गणी

काही महिन्यांपूर्वी बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी, एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. सकाळी चहा चालू असताना तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे दोन कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन आले. वाचनालयाच्या जुन्या इमारतीवर एक मजला चढवायचा आहे, त्यासाठी लोकवर्गणी चालू आहे, असे त्यांनी सांगितले. सोबत छापील पत्रक होते. सभागृहासाठी देणगी इतकी, अभ्यासिकेसाठी इतकी, जिन्यासाठी इतकी, आणि अमुक रकमेच्या वर देणाऱ्यांचे नाव संगमरवरी फलकावर, असा त्यातला तपशील. मी माझ्या ऐपतीप्रमाणे पैसे दिले, पावती घेतली आणि सहज विचारले, "वरच्या मजल्यावर पुस्तके कोणती येणार?" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांतले वडीलधारे होते ते म्हणाले, "सर, ते नंतर बघू. आधी स्लॅब तर पडू द्या."

या उत्तरात लबाडी नव्हती. उन्हातान्हात दारोदार फिरून गावासाठी पैसा गोळा करणारी ही माणसे आहेत, आणि अशी माणसे आता फार उरलेली नाहीत. परंतु ते उत्तर माझ्या मनातून जाईना. ग्रंथालयाचा विस्तार म्हणजे नेमका कशाचा विस्तार, हा प्रश्न वर्गणी मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही स्वतःला विचारायला हवा, असे मला वाटते. भिंतींसाठी वर्गणी मिळते आणि पुस्तकांसाठी मिळत नाही, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. तिची किंमत साहित्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी मोजावी लागते.

ही किंमत काय असते, ते बुलढाण्याच्याच एका पुस्तकावरून सांगतो. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. त्यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, आणि त्यानंतर हे पुस्तक मराठी वाचकांच्या नजरेआडच झाले. ते पुन्हा सर्वांच्या हाती आले १९७५ साली, स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या आवृत्तीमुळे. आणि ती आवृत्ती काढली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने. आज विद्यापीठांतून स्त्रीवादी विचारांच्या संदर्भात ताराबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. पण मधली नव्वदहून अधिक वर्षे हे पुस्तक जणू नव्हतेच. ते टिकले, कारण कुठेतरी कुणीतरी त्याची प्रत जपली होती. आणि परतले, कारण मराठी माणसांनी १८९८ साली स्थापन केलेली एक संस्था तोवर नुसती इमारत म्हणून उभी नव्हती, ग्रंथांचे काम करीत होती.

बुलढाण्यात लिहिले गेलेले पुस्तक मुंबईने परत दिले, यात मुंबईचे श्रेय आहे. मला मात्र यात आपल्या गावांसाठी एक प्रश्न दिसतो. उद्या एखाद्या विद्यार्थिनीला घाटावरच्या-घाटाखालच्या साहित्याचा अभ्यास करायचा झाला, तर तिने कुठे जावे? मेहकरात वकिली करीत कविता लिहिणाऱ्या ना. घ. देशपांड्यांना १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चिखली तालुक्यातल्या अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा. ही पुस्तके विकत तरी मिळतील. पण या लेखकांच्या भोवती जे इतर लेखन झाले, जिल्ह्यातली साप्ताहिके, शाळांचे स्मृतिग्रंथ, शताब्दीच्या स्मरणिका, पदरमोड करून छापलेले काव्यसंग्रह, ते सारे कोण जपणार? मुंबईपुण्याची ग्रंथालये हे जपणार नाहीत, आणि त्यांनी जपावे अशी अपेक्षाही रास्त नाही. ते काम त्या त्या गावाच्या वाचनालयाचे. त्यासाठी एक खोली लागते, हे खरे. पण खोलीआधी लागतो तो नोंदवही राखणारा, वाळवीवर नजर ठेवणारा, गावात कुणाचे घर मोडले की तिथली पुस्तके रद्दीत जाण्याआधी पोहोचणारा माणूस.

नेमका हा माणूसच आपल्या हिशेबात बसत नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे. मद्रास प्रांताने १९४८ च्या आपल्या कायद्यात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यातही उपकराची तरतूद आहे. महाराष्ट्राने तो मार्ग घेतला नाही. आपल्याकडे लोकांनी चालवलेली वाचनालये शासनाने मान्य करायची, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडायचे आणि वर्गानुसार अनुदान द्यायचे, अशी रीत पडली. या रीतीचा मोठा गुण असा, की वाचनालय लोकांचे राहिले, सरकारी कचेरी झाले नाही. दोषही तितकाच मोठा: वाचनालयाचा रोजचा श्वास अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून राहिला. २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजारांवर गेले. म्हणजे महिन्याला चार हजार रुपये. यात ग्रंथपालाचे मानधन, नवी पुस्तके, नियतकालिके, वीज, सारे भागवायचे. ज्या संस्थेचा महिना असा जातो, तिने वरचा मजला बांधला तर तिथला दिवा कोण लावणार?

शासनाने अधिक द्यायला हवे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. लोकवर्गणी हे शासनाला जबाबदारीतून मोकळे करण्याचे निमित्त होता कामा नये. पण लोक आणि शासन यांची सांगड कशी घालावी, याचा एक चांगला नमुना मराठी माणसानेच घालून दिलेला आहे, आणि त्याचा आपल्याला विसर पडला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. त्या योजनेचे सूत्र साधे होते. गावाने ठरावीक रकमेपर्यंत जेवढे जमवले, तेवढेच प्रांत पंचायतीने घालायचे आणि तेवढेच संस्थानाने. एक तृतीयांश लोकांचे, दोन तृतीयांश सार्वजनिक तिजोरीचे. महाराजांना सगळा खर्च एकट्याने उचलणे अशक्य नव्हते; तरीही त्यांनी गावाचा वाटा सोडला नाही. ज्याच्यासाठी आपण काही दिले नाही ते आपले वाटत नाही, हे त्यांनी ओळखले होते, असे मी समजतो. आणि मुख्य म्हणजे हे सूत्र इमारतीपुरते नव्हते, दरवर्षीच्या खर्चालाही लागू होते.

त्याच सुमारास समुद्रापलीकडे अँड्र्यू कार्नेगी हा पोलादाचा कारखानदार गावोगावी ग्रंथालये बांधून देत होता. त्याच्या पैशांतून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. त्याची अट ठाऊक असणारे मात्र थोडे. जागा गावाने द्यायची, आणि इमारतीला जेवढी देणगी मिळाली तिच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी करातून ग्रंथालय चालवण्यासाठी द्यायची. ही हमी नसेल तर देणगी नाही. म्हणजे इमारतीवर एवढा पैसा ओतणाऱ्या माणसालाही इमारतीचा भरवसा वाटत नव्हता. चालवण्याची हमी त्याने आधी मागितली. आपल्या पत्रकांत संगमरवरी फलकाची हमी असते, चालवण्याची नसते.

कार्नेगीचा हिशेब आपल्या गावाला लावून पाहू. समजा, वरच्या मजल्याला वीस लाख रुपये लागणार आहेत. त्याच्या अटीप्रमाणे दरवर्षी दोन लाखांची सोय आधी हवी. ही रक्कम एका देणगीदाराकडून मिळणे कठीण. पण पाचशे घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले, तर वर्षाला तीन लाख होतात. तालुक्याच्या गावात पाचशे घरे मिळणे अवघड नाही. अवघड आहे ते त्यांच्याकडे दर महिन्याला जाणे, पावती देणे आणि वर्षाअखेर हिशेब वाचून दाखवणे. एका दिवसात एक लाख देणारा शोधणे त्याहून सोपे, म्हणून आपण तेच करतो. फरक एवढाच, की लाख देणारा फलक पाहून समाधानाने घरी जातो, आणि पन्नास देणारा पुढच्या महिन्यात येऊन विचारतो, "नवीन काय आणले?" हा प्रश्न विचारणारी पाचशे माणसे असणे, हाच मला ग्रंथालयाचा खरा विस्तार वाटतो. ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे, हे रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र. त्यांना केवळ खोल्यांची वाढ अभिप्रेत नव्हती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. आजच्या तरुणांना पुस्तकांपेक्षा बसायला जागा हवी आहे, असे कार्यकर्ते सांगतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली खेड्यांतून तालुक्याला येतात. घरी जागा नसते, शांतता नसते, मुलींना तर रात्री आठनंतर बाहेर बसण्याची सोय कुठेच नसते. अशांसाठी अभ्यासिका काढणे हे मोठेच काम आहे, आणि तिच्या शुल्कातून वाचनालयाला चार पैसेही मिळतात. मी अभ्यासिकेच्या विरोधात नाही. पण अभ्यासिकेत बसणारी मुलगी आपली पुस्तके घरून आणते आणि घरी घेऊन जाते. तीन वर्षे ती वाचनालयात येते, आणि वाचनालयाचे एकही पुस्तक तिच्या हाती पडत नाही. परीक्षा संपते तसे तिचे येणेही संपते. तिच्या खुर्चीपासून दहा पावलांवर ताराबाईंचे पुस्तक असते, आणि ते तिथे आहे हे सांगणारा कुणी असता, तर त्या तीन वर्षांत तिला परीक्षेपलीकडचेही काही मिळाले असते. सांगणारा नसेल तर आपण बांधली ती खोली. तिला ग्रंथालय म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

दुसरा आक्षेप असा, की लोक मंदिराला देतात, वाचनालयाला देत नाहीत. हे वाक्य आपण शिक्षकमंडळी फार सहज उच्चारतो, आणि त्यात समाजाला नावे ठेवण्याचे सुख असते. बुलढाणा जिल्ह्यात तरी ते बोलताना जरा थांबावे. याच जिल्ह्यात शेगाव आहे. श्री गजानन महाराज संस्थानाला लोक देतात ते श्रद्धेने, हे उघडच आहे. पण तिथली स्वच्छता, शिस्त आणि विनामोबदला राबणारे सेवेकरी लोक डोळ्यांनी पाहतात, हेही त्या देण्यामागे आहे. दिलेल्या पैशाचे काय झाले ते दिसते. वाचनालयाला श्रद्धेचे पाठबळ नाही, पण दिसण्याची सोय तर आहे! गेल्या वर्षी वर्गणीतून कोणती पुस्तके घेतली, त्यांतली किती वाचली गेली, कोणते नियतकालिक पैशांअभावी बंद करावे लागले, हे दरवाजावरच्या फळ्यावर लिहायला खडूखेरीज काही लागत नाही. आपली किती वाचनालये असे लिहितात? हिशेब धर्मादाय कार्यालयात सादर होतो, आणि ज्याने पैसे दिले त्याला मात्र तो कधी दिसत नाही. मग तो देत नाही, याचे आश्चर्य कशाला?

म्हणून विस्तारासाठी निधी गोळा करणाऱ्या मंडळींना माझी नम्र सूचना आहे. पावतीपुस्तके दोन करावीत. एक इमारतीचे, दुसरे पुस्तकांचे आणि ग्रंथपालाचे. पहिल्यात जमेल त्यातला ठरावीक हिस्सा कायम ठेवीत टाकावा, त्याच्या व्याजाला ग्रंथखरेदीखेरीज हात लावू नये, आणि तसा ठराव वार्षिक सभेत करून तो फलकावर कोरावा. देणगीदारांची नावे त्याच्या खाली येऊ द्यावीत. नव्या मजल्यावर एक कपाट तरी जिल्ह्यातल्या लेखनासाठी राखावे. हे कपाट भरायला फारसे पैसे लागणार नाहीत. लागतील ती घरोघर फिरणारी माणसे, आणि ती तर आपल्याकडे आहेतच. तीच ही, पावतीपुस्तक घेऊन आलेली.

आणि एक गाऱ्हाणे आपल्याविरुद्ध, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांविरुद्ध. आपण वर्गात वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर बोलतो, चर्चासत्रांत शोधनिबंध वाचतो. पण आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद आपल्यांतले किती जण असतात? महाविद्यालयाचे ग्रंथालय आपल्याला फुकट मिळते, म्हणून सार्वजनिक वाचनालयाची पायरी आपण भाषणापुरतीच चढतो. त्या दोन कार्यकर्त्यांना मी पुस्तकांविषयी विचारले, तेव्हा मलाही एक प्रश्न विचारता आला असता: "सर, तुम्ही तुमच्या गावच्या वाचनालयाची वर्गणी भरता का?" त्यांनी तो विचारला नाही, हा त्यांचा सभ्यपणा. परत आल्यावर मी आधी ती भरली. गेली चार वर्षे ती थकली होती.