पडद्यावरचे रणांगण आणि मनातला अर्जुन

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील मध्यमवर्गीय घरांतून सायंकाळी एक वाक्य हमखास कानी पडते, 'आधी तो खेळ बंद कर.' व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, डोळ्यांची हानी आणि अखंड गोळीबार, अशी पालकांची पक्की धारणा झालेली आहे. ती अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. देशाची सुरक्षितता आणि नागरिकांची माहिती यांना धोका असल्याच्या कारणावरून २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. या दोन्ही निर्णयांचे राष्ट्रहिताची चाड असणाऱ्या प्रत्येकाने स्वागतच करायला हवे. मात्र याच कायद्याने जुगार नसलेल्या खेळांना आणि ई-क्रीडेला प्रोत्साहन देण्याची भूमिकाही घेतली आहे, हे अनेकांच्या ध्यानात आलेले नाही. शासनाने जो सारासार विवेक दाखवला, तो घराघरांत कधी दिसणार, हा खरा प्रश्न आहे.

कारण सगळे खेळ एका जातीचे नसतात. गेल्या दोन दशकांत कथाप्रधान खेळांचा एक मोठा प्रवाह जगभर निर्माण झाला. त्यांतील नायक केवळ शत्रू मारत नाहीत, ते स्वतःशी झुंजतात. कादंबरी आणि नाटक यांनी मागील पिढ्यांच्या मनाला जे दिले, ते या पिढीला काही प्रमाणात या खेळांतून मिळत आहे. शं. ना. नवरे आणि पु. भा. भावे यांच्या डोंबिवलीला मनाच्या गुंतागुंतीचे वाङ्मयीन मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सावलीशी सामना

२०१८ साली आलेला 'सेलेस्ट' हा खेळ पाहा. मॅडलिन नावाची एक तरुणी पर्वत चढायला निघते. धाप लागणे, भीतीने गोठून जाणे, आपण कशाच्याही योग्यतेचे नाही असे वाटणे, हे तिचे दुखणे आहे. वाटेत आरशातून तिचेच प्रतिबिंब बाहेर पडते आणि तिचा पाठलाग करू लागते. मॅडलिन त्या रूपापासून पळते, त्याला झिडकारते आणि कड्यावरून खाली फेकली जाते. पुढे ती त्या सावलीशी बोलते, तिचे भय समजून घेते, तिला सोबत घेते. आणि गंमत अशी, की त्या क्षणापासून तिची झेप दुप्पट होते. स्वीकाराने बळ वाढते, हे तत्त्व येथे उपदेशातून आलेले नाही. खेळणाऱ्याच्या बोटांना त्याचा प्रत्यय येतो. याच खेळात मॅडलिन घाबरून गुदमरते तेव्हा तिचा सोबती तिला एक पीस डोळ्यांपुढे आणून श्वासाच्या लयीवर ते तरंगत ठेवायला सांगतो. प्राणायाम जाणणाऱ्या कोणालाही येथे ओळखीची खूण पटेल.

२००८ सालच्या 'पर्सोना ४' या जपानी खेळात हीच कल्पना अधिक स्पष्ट आहे. प्रत्येक पात्रासमोर त्याची दडवलेली बाजू उभी राहते. 'तू मी नव्हेस' असे म्हणताच ती राक्षसी रूप घेते आणि तिला आपलेसे करताच तीच त्याची शक्ती बनते. यामागे कार्ल युंग यांची 'सावली'ची संकल्पना आहे, आणि युंग यांना भारतीय चिंतनाविषयी किती ओढ होती हे सर्वश्रुत आहे. १९३७-३८ मध्ये ते भारतात येऊनही गेले होते. 'हेलब्लेड' या २०१७ सालच्या खेळातील सेनुआ या योद्धा स्त्रीला आवाज ऐकू येतात, भास होतात. केंब्रिजमधील मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांचा सल्ला आणि तशा अनुभवांतून गेलेल्या व्यक्तींचे कथन यांच्या आधारे हा खेळ रचला गेला. मृत प्रियकराला परत आणण्यासाठी ती मृतांच्या लोकात जाते आणि अखेरीस मृत्यूचे सत्य स्वीकारून पुढे पाऊल टाकते. 'गॉड ऑफ वॉर'च्या २०१८ सालच्या भागात क्रेटॉस हा कठोर बाप आपले रक्तरंजित गतायुष्य मुलापासून लपवतो. ते उघड केल्यावाचून मुलाशी नाते जुळणार नाही, हे त्याला उमगते. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या आणि मुलाशी मोजकीच वाक्ये बोलणाऱ्या इकडच्या पित्यांनाही त्यात काही सापडू शकेल.

ठाण्याचा धडा

या विषयाचे ठाण्याशी एक वेगळेच नाते आहे. १९०१ साली येथे मनोरुग्णालय उभे राहिले आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा सबंध महाराष्ट्राचा विनोद झाला. मनाच्या आजाराची ही थट्टा कित्येक कुटुंबांनी मुकाट्याने सोसली. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था स्थापन केली आणि मानसिक आरोग्य हा लपवण्याचा नव्हे, तर जोपासण्याचा विषय आहे, ही जाणीव रुजवण्याचे कार्य आरंभले. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीतील 'विनाशर्त स्वस्वीकार' ही संकल्पना मराठी वाचकाला परिचित झाली, ती अशा प्रयत्नांतून. आपल्या कृतीचे मूल्यमापन अवश्य करावे, परंतु एका अपयशावरून संपूर्ण स्वतःला निकालात काढू नये, एवढाच त्याचा साधा अर्थ आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरून मुलाची किंमत ठरवणाऱ्या आपल्या समाजाला हा अर्थ अद्याप पचायचा आहे. मॅडलिन शेकडो वेळा पडते. खेळ तिचे पडणे मोजतो, पण त्याबद्दल तिला हिणवत नाही. आपल्या घरांविषयी असे म्हणता येईल काय?

स्वीकार आणि स्वधर्म

'हे सारे पाश्चात्त्य मानसशास्त्राचे खूळ आहे' असे म्हणणाऱ्यांनी भगवद्गीतेचा पहिला अध्याय पुन्हा उघडावा. जगातील एका थोर तत्त्वग्रंथाचा प्रारंभ विषादाने होतो, आणि त्या विषादाला आपल्या पूर्वसूरींनी 'योग' म्हटले. गांडीव गळून पडलेल्या अर्जुनाला श्रीकृष्ण फटकारतात, पण सोडून जात नाहीत. त्याचा प्रत्येक प्रश्न ऐकून घेतात. मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, ही त्याची तक्रार ते मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य यांचा मार्ग दाखवतात. समुद्रतीरी स्वतःचे सामर्थ्य विसरून बसलेल्या हनुमंताला जांबवंत त्याची ओळख करून देतो. समर्थांनी मनाला सज्जन मानून त्याच्याशी संवाद केला. मनाशी वैर न करता त्याला वळण लावण्याची ही परंपरा आहे.

मात्र येथेच एक भेद लक्षात घ्यायला हवा. आजच्या जागतिक मनोरंजनात स्वस्वीकार हे पुष्कळदा अंतिम स्थानक मानले जाते. 'मी आहे असा आहे' येथे प्रवास थांबतो, आणि 'मला कोणी काही सांगू नये' येथे तो घसरण्यास वेळ लागत नाही. भारतीय दृष्टीत स्वीकार हे प्रस्थान आहे. अर्जुनाचा मोह नष्ट होतो तो तंबूत विश्रांती घेण्यासाठी नव्हे. कर्णालाही स्वतःच्या जन्माचे सत्य कळले होते, तरी त्या सत्याने त्याचा पक्ष बदलला नाही. आत्मपरिचय आणि कर्तव्यबोध यांची सांगड न पडल्यास केवढी शोकांतिका घडते, याचे त्याच्याहून मोठे उदाहरण नाही. मुलाला मॅडलिनची गोष्ट कळावी, आणि तिच्यापुढचा प्रश्नही त्याला पडावा, 'स्वतःला ओळखले, आता कोणासाठी उभे राहायचे?' हा प्रश्न विचारणारे खेळ कोण निर्माण करणार?

आपली कथा कोण सांगणार?

चीनने उत्तर दिले आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या 'ब्लॅक मिथ : वूकाँग' या चिनी खेळाच्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. त्याचे मूळ 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातील चिनी कादंबरीत आहे. ही पश्चिमेची यात्रा म्हणजे भारताची यात्रा. धर्मग्रंथांच्या शोधात येथवर आलेल्या आणि नालंदेत अध्ययन केलेल्या ह्यूएनत्संगाच्या प्रवासावर ती उभी आहे. ज्ञान येथून गेले, आणि त्या ज्ञानयात्रेची कथा जगाला विकली चीनने!

आपल्याकडे सामर्थ्य नाही असे मुळीच नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने २०२० साली 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ सिद्ध केला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी राजी ही एक साधी खेळकरीण आहे. तिच्या हाती दुर्गामातेचे त्रिशूळ येते, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून उलगडते. राजस्थानी गढ्यांचे स्थापत्य, पहाडी शैलीची चित्रे आणि तुकडे फिरवून आठवणी जुळवणारी मंडले, असा सगळा साज भारतीय आहे. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसल्यानंतरही या मंडळींनी काम सोडले नाही, आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी राजीला नामांकन मिळाले. किती मराठी घरांत राजीचे नाव ठाऊक आहे?

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीने महाराष्ट्राला दिली. कल्याणच्या खाडीवर, दुर्गाडीच्या सावलीत, शिवछत्रपतींच्या आरमाराची जहाजे बांधली गेली. या भूमीला नव्या साधनाचे भय वाटण्याचे कारण नाही. वाचनालयांनी कथाप्रधान खेळांवर चर्चा ठेवाव्यात. संस्कारवर्गांतून अर्जुन आणि मॅडलिन यांची तुलना व्हावी. संगणकशास्त्र शिकणाऱ्या युवकांना संहितालेखक आणि चित्रकार यांची जोड मिळावी. मैदानावरील खेळाला पर्याय नाही. कबड्डीत अंगाला लागणारी माती कोणताही पडदा देऊ शकत नाही. मैदानाची वेळ राखून उरलेल्या वेळेचा हा विचार आहे.

आणि पालकांनी? 'बंद कर' म्हणण्यापूर्वी एकदा मुलाशेजारी बसून 'ही कोण? ही का रडते आहे?' एवढे विचारावे. मुलगा त्या पात्राविषयी जे सांगेल, त्यात त्याच्या स्वतःच्या मनाचे बरेच काही असेल. कुरुक्षेत्रावर अर्जुन सावरला, कारण त्याच्या रथावर ऐकणारा कोणी होता. आपल्या घरातील सारथ्याची जागा रिकामी राहिली, तर तिथे कोण बसेल याची निवड आपल्या हाती उरणार नाही.