दिव्यांगांच्या पैशाचा निर्णय नेमका घेतं कोण?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात, चाळीत किंवा सोसायटीत एक जरी दिव्यांग माणूस असेल तर शेवटपर्यंत वाचा. विषय कंटाळवाणा वाटेल, कारण तो समित्यांचा आहे. पण पैसा तिथूनच सुटतो आणि अडकतोही तिथेच.

आपल्याकडे दिव्यांगांबद्दल बोलणं निघालं की गाडी रकमेवर येते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला १५०० मिळायचे, २०२५ मध्ये ते २५०० करायचा निर्णय झाला. चांगलं झालं. पण तो निर्णय कसा झाला ते आठवा. जूनमध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, राज्यभर आंदोलनं झाली आणि सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने वाढ मंजूर केली. आता मला सांगा, या विषयावर सरकारला सल्ला द्यायला कायद्याने एक राज्यस्तरीय मंडळ नेमलेलं असतं, त्याचं नाव या सगळ्या काळात तुम्ही एकदा तरी ऐकलंत का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या कलम ६६ मध्ये राज्य सल्लागार मंडळ आहे. अध्यक्ष खात्याचे मंत्री. मग शिक्षण, आरोग्य, अर्थ, नगरविकास, ग्रामविकास, कामगार अशा विभागांचे सचिव. विधानसभेचे दोन आणि विधान परिषदेचा एक आमदार. पाच तज्ज्ञ. जिल्ह्यांचे पाच प्रतिनिधी, तेही आळीपाळीने. आणि संस्था-संघटनांचे दहा प्रतिनिधी, जे शक्यतो स्वतः दिव्यांग असावेत. या दहांत किमान पाच महिला, अनुसूचित जातीचा किमान एक आणि जमातीचा किमान एक. दर सहा महिन्यांनी निदान एक बैठक.

कागदावर इतकी नीट रचना क्वचित बघायला मिळते. गोची पुढे आहे. हे मंडळ सल्ला देतं, आढावा घेतं, शिफारस करतं. पैसे मंजूर करत नाही. अर्थखात्याचे सचिव त्याच टेबलाशी बसलेले असतात, पण मंडळाची शिफारस त्यांच्यावर बंधनकारक नाही. आपल्या सोसायटीचं उदाहरण घ्या. मॅनेजिंग कमिटी चेकवर सही करते, आणि ज्येष्ठ सभासदांना “तुम्ही सूचना करा हं” म्हणून मागच्या खुर्चीत बसवतात. दिव्यांगांची जागा ती मागची खुर्ची आहे.

गंमत बघा. १९९५ च्या जुन्या कायद्यात राज्य समन्वय समिती होती आणि तिचे निर्णय अमलात आणायला वेगळी राज्य कार्यकारी समिती होती. समन्वय समितीत संघटनांचे पाच प्रतिनिधी होते. नव्या कायद्यात पाचाचे दहा झाले, महिलांना निम्म्या जागा मिळाल्या, पण ‘कार्यकारी’ हा शब्दच गेला आणि ‘सल्लागार’ आला. खुर्च्या वाढल्या, अंमलबजावणीचा हात मात्र राहिला नाही.

मग अधिकार कुणाकडे? थोडे राज्य आयुक्तांकडे आहेत. ते अधिकाऱ्याला समन्स काढू शकतात, कागदपत्रं मागवू शकतात, सरकारने दिलेला निधी कसा खर्च होतो त्यावर लक्ष ठेवू शकतात. त्यांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कारवाई करून कळवायचं. शिफारस मान्य नसेल तर तीन महिन्यांतच कारण द्यायचं, तक्रारदारालाही सांगायचं. कलम ८१. हे कलम पाठ करून ठेवा, कामाला येतं. पण शेवटी तीही शिफारसच.

आणि पैसा? कलम ८८ म्हणतं की प्रत्येक राज्याने दिव्यांगांसाठी राज्य निधी उभारायचा, त्याचं ऑडिट कॅगने करायचं, हिशोब विधिमंडळापुढे ठेवायचा. तो निधी कसा वापरायचा हे मात्र राज्य सरकारने नियमांनी ठरवायचं. म्हणजे कायद्यात पैसा एका कलमात आणि माणसं दुसऱ्या कलमात. त्या दोघांना जोडणारी ओळ नाही. निधीचा विनियोग मंडळाच्या संमतीने होईल, एवढं एक वाक्य असतं तरी बरंच काही बदललं असतं.

३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. त्याचं स्वागतच आहे. पण वेगळं खातं झालं म्हणजे निर्णयाचा हक्क आला असं होत नाही.

आता मुंबईतून आपल्या शहाडला येऊ. राज्य सरकारच्या आदेशानुसार महापालिकांनी उत्पन्नातला ठरावीक वाटा दिव्यांगांवर खर्च करायचा. आधी ३ टक्के होता, २०१८ मध्ये ५ टक्के झाला. योजना काय, रक्कम किती, अटी कोणत्या, हे ज्या त्या महापालिकेने ठरवायचं. आपल्या शहाडचा काही भाग कल्याण-डोंबिवलीत, आणि सेंच्युरी रेयॉनकडचा भाग उल्हासनगर महापालिकेत. स्टेशन एक, रिक्षा स्टँड एक, बाजार एक. पण दोन दिव्यांग भाऊ हद्दीच्या अलीकडे-पलीकडे राहत असतील तर त्यांचे अर्ज वेगळे, अटी वेगळ्या, पैसे जमा व्हायची तारीखही वेगळी. हे कुणी ठरवलं असं विचारा, उत्तरात एकाही दिव्यांग माणसाचं नाव येणार नाही.

कल्याण-डोंबिवलीत तर नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे त्या काळात ज्याच्या दारात जाऊन भांडावं तो नगरसेवकही नव्हता. महापालिकेत महिला व बालकल्याण समिती असते. दिव्यांगांचा ५ टक्के पैसा आहे, पण तशी कायद्यातली समिती नाही.

काहीजण म्हणतील, समितीला अधिकार दिले की राजकारण शिरेल, चार संघटना आपापली माणसं पुढे करतील. शक्य आहे. पण आज काय राजकारण नाही? आज ते बंद दाराआड आहे, एवढाच फरक. समितीचं इतिवृत्त आणि हिशोब जाहीर असले की गडबड करणारा उघडा पडतो. आणि ज्याला व्हीलचेअर लागते त्याला रॅम्पचा उतार किती हवा हे कळतं. ठेकेदाराला ते कळत नाही, हे आपण दर दुसऱ्या सरकारी इमारतीत बघतो.

तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कायदा बदलून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत दिव्यांग प्रतिनिधी नेमायची सोय केली. तिथे होतं, मग इथे का नाही?

म्हणून चार साध्या मागण्या. एकीलाही केंद्राचा कायदा बदलावा लागत नाही.

१. प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घ्यायची सोय महापालिका कायद्यातच आहे. त्यातली एक जागा दिव्यांग व्यक्तीला द्या, कल्याणमध्येही आणि उल्हासनगरमध्येही.

२. ५ टक्के निधीत तरतूद किती, खर्च किती, शिल्लक किती, हे दरवर्षी ३ डिसेंबरला प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा. जागतिक दिव्यांग दिनाला गुलाबाचं फूल नको, हिशोब द्या.

३. राज्य सल्लागार मंडळाच्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त जाहीर करा. शिफारस नाकारली तर तीन महिन्यांत लेखी कारण द्या. आयुक्तांच्या शिफारशीला जो नियम, तोच मंडळाच्या शिफारशीला.

४. कलम ७२ प्रमाणे जिल्हा समिती असते. तिची बैठक दरवेळी ठाण्यालाच कशाला? एक कल्याणला घ्या, एक उल्हासनगरला. सकाळच्या गर्दीत शहाडहून ठाण्याला लोकलने जाणं धडधाकट माणसालाही जड जातं.

आणि आपण काय करायचं? माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. दोन्ही महापालिकांना एकच प्रश्न विचारा: गेल्या तीन वर्षांत दिव्यांग निधीतून किती खर्च झाला आणि तो कुणाच्या सहीने? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दहा-वीस जणांनी अर्ज टाकले तर कार्यालयाला फाइल उघडावीच लागेल.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. तेव्हा प्रकार आठच होते, आता कायद्यात एकवीस आहेत, म्हणजे खरा आकडा मोठाच असणार. एवढ्या माणसांचा पैसा ठरवताना त्यांना फक्त ‘सूचना करा’ म्हणणं हा अपमान आहे. २५०० चे उद्या ३००० होतील, कदाचित होणारही नाहीत. पण जिथे तो आकडा ठरतो तिथे मत देणारी खुर्ची मिळाली, तर दरवेळी कुणाला उपोषणाला बसावं लागणार नाही.

अर्ज कसा लिहायचा हे कुणाला विचारायचं असेल तर सांगा, मिळून लिहू.